रागवत काऊन नाई

सोनाळा, ४ ऑगस्ट २०२४

ती. बेबीताईले,
बालगृहातून निघून गेलेल्या जीवनचा साष्टांग नमस्कार. मी मजेत. माह्या जाण्यानं तिकडं शांतता असंन.

फोन काकूपाशी असते, तिच्यासमोर हे बोलता येत नाई, म्हनून पत्र. मले ठेवून घेतलेले दयारामकाका अन जनकाकाकू लय गोड वागून राह्यले. मले त्याचाच डाऊट हाये. परवा मी अन शेजारच्या रवीनं चहात साखरेच्या जागी मीठ टाकलं. काका सगळा कप पेले, चांगला झाला म्हने. काकूनं रवीचा कान पिळला अन मले विचारलं, अजून पोळी देऊ काय. काकाच्या चपला छपराच्या कवेलूवर फेकल्या, तं ते अनवानी वावरात गेले.

याच्या आधी चिखलीच्या ज्या घरी ठेवलं होतं, तिथीबी असंच होतं. कोनी चकार शब्द बोललं नाई, मंग एक दिवस गाडीत बसवून तुमच्याकडं आनून सोडलं. पाहुन्याले कोन रागवते? पुढच्या महिन्यात दत्तकाचं काम पाहनाऱ्या मॅडम येनार, पक्कं करायचं काय ते विचाराले. म्हनून मी पेटी अजून खोलली नाई.

लोभ ठेवा, लाडूबी ठेवा.
जीवन

बुलढाणा, ११ ऑगस्ट २०२४

चि. जीवनले,
पोटभर आशीर्वाद, अन पाठीत एक धपाटा उधार.

शांतता हाये, खरं. आता ऐक. जनकाबाईचा मले रोज फोन येते. तुले न्यायच्या आधी मीटिंगमधी त्या दोघाईले सांगितलं होतं, लेकरावर हात उचलू नका. बाईनं अर्थ काढला का नुसता आवाज चढवला तरी मॅडम पोरगं परत नेतीन. तुह्या चहानंतर दयारामभाऊ न्हानीत जाऊन ओकले. बाई मले विचारे, डोळे वटारले तं चालते काय. लय समजावलं, तिचा भरोसाच बसत नाई. तू जाशीन म्हनून ते दोघं भेतात, बाप्पा.

पेटी खोल, कपडे कुबट होतीन.
थोडा सुधर, माया हायेच.
बेबीताई

सोनाळा, ९ सप्टेंबर २०२४

ती. बेबीताईले नमस्कार.

मॅडम येऊन गेल्या. काका-काकू हो म्हनले. मंग मॅडमनं सगळ्याईसमोर मले विचारलं, इथी कोनी रागवते काय. मी म्हनलं, हाव, काकू रोज रागवते, सकाळी आंघोळीसाठी, संध्याकाळी अभ्यासासाठी, रविवारी तं दिवसभर. अन मले इथीच राहाचं हाये. मॅडम हसल्या, म्हने मंग बरोबर हाये, अन गेल्या.

त्याईची जीप वळत नाई तं काकू सुरू झाली. मी कधी रागवली रे तुले, खोटारड्या, माहा जीव गेला असता, असं. मागचं सगळं उकरून काढलं. काका म्हने जाऊ दे, तं त्याईलेबी ऐकवलं. रवी भिंतीवर बसून ऐकत होता, शेवटी तोच घरी पळाला.

आता म्हनून राह्यली, अंधारात लिहून डोळे फोडतो काय. म्हनून थांबतो.

लोभ असाच राहू द्या.
जीवन