औदुंबराची ढोली

वैशाख शुद्ध द्वादशी, सायंकाळ. कासार आंबोली.

श्रीगुरुदत्ता, तुझ्या कृपेचे छत्र असो. मन बधिर आहे, तरी लिहितो.

हिचे डावे अंग लुळे पडल्यापासून अंगणातील औदुंबराला रोज सायंकाळी प्रदक्षिणा घालण्याचा संकल्प केला आहे. दुसरे काय करणार मी हिच्यासाठी? त्याच झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली आहे. परवाच्या वृत्तपत्रात वाचले की ती स्वतःला आत लिंपून घेते. एवढीशी फट उरते, आणि त्या फटीतून नर तिला भरवतो. आज फटीत चोचीचे टोक दिसत होते. मी फिरतच राहिलो.

खिडकीशी निजलेल्या हिने हाक मारली. "अहो, थांबा! तो केव्हाचा तारेवर फळ घेऊन बसलाय. तुम्ही खाली आहात म्हणून येत नाही."

"संकल्प आहे. मोडू कसा?"

"माझ्यासाठी दुसऱ्याची बायको उपाशी ठेवताय? छान पुण्य!"

ओसरीवर येऊन बसलो. अपराधी वाटले नाही, दुःखही नाही. संकल्पभंग झाला का? ठाऊक नाही. थोड्या वेळाने नर उतरला. फटीतले चोचीचे टोक पुढे आले, फळ आत गेले.

मग मी आत जाऊन हिला मऊ भात भरवला.

"उद्याही ओसरीवरच बसा," ही म्हणाली.

बसेन. पिल्ले उडून जाईपर्यंत औदुंबराला तिथूनच हात जोडीन.

हे पान ज्या कोणाच्या हाती लागेल, त्याच्या घरी भरवणारा हात आणि घास घेणारे मुख, दोन्ही सुखरूप राहोत.