प्लाझ्माला पायगुण

३ मार्च
नातीचं काम आज पूर्ण समजलं. एका पोकळ कड्यात सूर्याहून गरम वायू कोंडतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो सारखा थरथरतो, ती थरथर मोजायची. आत काही घातलं की वितळतं, म्हणून आयर्न बीम घालतात. आता बीममधलं मला कोण शिकवणार? आमचे हे गवंडी होते.

५ मार्च
नात नीट जेवली नाही. येत्या शुक्रवारी मशीन बंद होणार, आणि थरथर अजून हाती लागत नाही. तीन वर्षांचं काम पाण्यात जाईल म्हणाली. मी विचारलं, बीम सरळ बसलाय का, पाणसळ लावून बघितलास का? ती हसली. म्हणजे बघितलेला नाही.
ठरलं. मी जाणार. तिथे कमी बोलणार.

९ मार्च, दुपार
आज घरच्यांना मशीन दाखवायचा दिवस. ह्यांची पाणसळ पिशवीत घेतली होती, ती वॉचमननं दारातच ठेवून घेतली. आत मोठं लोहचुंबक आहे म्हणे. मग बीम कसा चालतो तुम्हाला, म्हटलं. त्यानं वही पुढे केली, सही करा म्हणाला.
कंट्रोल रूममध्ये उंच स्टूल दिलं. पाय लोंबकळत, पण अजिबात बोलले नाही. मशीन एकदा पेटवलं की तो एक शॉट. पहिल्याच शॉटला स्क्रीनवर काय देखणी लाट आली! नातीचे दाढीवाले साहेब उभेच राहिले. दुसऱ्या शॉटलाही तीच. पायगुण लागतो, दुसरं काय.

९ मार्च, संध्याकाळ
मी पाणी प्यायला उठले, त्या शॉटला लाट गायब. परत येऊन बसले, लाट हजर. साहेब एकदा स्क्रीनकडे बघत, एकदा माझ्याकडे.
नात हळूच म्हणाली, "आजी, पाय."
बसल्या बसल्या पाय हलवायची सवय आहे मला, असते एकेकाची. स्टुलाखालून मोजमापाची बारीक वायर गेली होती, तिला पाय लागत होता आणि लाट उठत होती. एवढी नाजूक वायर कोणी मोकळी सोडतं? ह्यांनी सुतळीनं तरी बांधली असती.
बीमसुद्धा आयर्नचा नाही, आयनचा निघाला. म्हणजे विजेच्या कणांचा झोत, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. स्लॅब काय पेलणार तो.

११ मार्च, शुक्रवार
मला घरी ठेवलं. वायर बांधली, आणि शेवटच्या शॉटला खरी थरथर मिळाली. माझ्या लाटेपुढे अगदीच किरकोळ. नात दारातच गळ्यात पडली. तू आली नसतीस तर वायर सुटी आहे हे कळलंच नसतं, म्हणाली. म्हणजे पायगुण होताच.
माझी लाट तिनं छापून आणली, मी ती भिंतीवर लावली. शेजारणीला म्हटलं, शास्त्रातलं आहे, तुला समजायचं नाही. तिनं चष्मा लावून खालची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली : "आजीचा उजवा पाय. रद्द."