ज्या पलंगावर कोणी गेलं नाही

॥ श्री ॥
देवळी, ९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. देवकास,
दादाचे अनेक उ. आशीर्वाद वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पुन्हा कागद. सदाशिवरावांच्या छातीत पाणी झाल्याचं आमच्या आदेशनं सांगितलं, तेव्हापासून घास गोड लागत नाही. आडवं पडलं की ते गुदमरतात, बसतं निजवा, असं डॉक्टर म्हणाले ना? मग उशांच्या चळतीनं काय होणार? सोबत पिकअपमधून पलंग पाठवतो आहे. कापसाच्या जिनिंगच्या जुन्या बंगल्यातला, मी जमवलेल्या सगळ्या पलंगांत देखणा. लोखंडाचा गंज काढता काढता माझी बोटं सोलली आणि चिंचेनं पितळ घासून हात आंबले. उशाकडची बाजू उचलून अडकवता येते, तशी खिट्टी बसवली आहे. उशाशी पितळी दांडा आहे, तो धरून त्यांना उठता येईल.

एकच सांगणं. माझी रीत तुला ठाऊक आहे. जुना पलंग घेताना मी आधी विचारतो, यावर कोणी गेलं का? हो म्हणाले तर फुकटही घेत नाही. पलंगावर गेलेल्याचा जीव पलंगातच अडकतो, असं आई म्हणायची. सदाशिवराव बरे होणारच, पण वेळ सांगून येत नाही. तसं काही दिसलं तर त्यांना भुईवर घे. एवढा शब्द दे.

त्यांना नमस्कार, तुला माया.
तुझा दादा, रूपराव

कारंजा (घाडगे), १५ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सौ. देवकाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पलंग पोचला. ह्यांनी पाहिला आणि म्हणाले की साळेबुवानं मले या वयात पुन्हा नवरदेव करून टाकलं! त्या दिवशी महिन्याभरानं त्यांना झोप लागली. आता दांडा धरून बसतात आणि खिडकीतून आपल्या ढाब्यावरच्या पोरांवर ओरडतात. चाळीस वर्षं भट्टीच्या धुरात काढली, तरी जीव अजून तिथंच. औषधं नीट घेतली तर संक्रांतीपर्यंत हिंडू लागतील, असं डॉक्टर म्हणाले. सुरभी पुण्याहून येत्या रविवारी बाळाला घेऊन येते आहे. नातवाला अजून पाहिलं नाही ना, सारखं विचारतात, लेकरू कवा येते म्हणून.

आणि दादा, घरात पलंगांची जत्रा भरवून तू निजतोस सतरंजीवर! आहे की नाही कमाल? शब्द दिला रे. आईची रीत मी कशी मोडेन?

तब्येतीला जप, बहिणीवर रागावू नकोस.
तुझी देवका

कारंजा, ४ डिसेंबर २०२४

ती. दादास,
देवकाचा नमस्कार.

तेरवीला तू आलास, पण माणसांत बोलता आलं नाही.

सुरभी यायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, ह्यांना एकदम धाप लागली. ओठ निळे पडले, घशात घरघर सुरू झाली. ढाब्यावरच्या पोराकडून डॉक्टरांना फोन करवला. शेजारच्या तानाबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, वैनी, त्यायचा जीव अटकून राह्यला, खाली घ्या आता. मला तुला दिलेला शब्द आठवला. ढाब्यावरच्या दोघांना हाक मारली.

ते उतरेनात, दादा. दांडा घट्ट धरून मान हलवत होते. मला वाटलं, शेवटी माणसाचा मोह सुटत नाही. एकेक बोट मीच सोडवलं. घोंगडीवर उताणं निजवलं, तोंडात तुळशीचं पाणी घातलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि संपलं.

मग डॉक्टर आले. ह्यांना आडवं कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वेळ आली होती. ते म्हणाले, वेळ आली नव्हती बाई, बसतं ठेवलं असतं तर मी वेळेत पोचलो असतो. एरवी मला कोणाचं ऐकू येत नाही. हे मात्र नीट ऐकू आलं.

सुरभी विचारते, बाबा शेवटी काही बोलले का. नाही म्हणून सांगितलं.

पलंग घेऊन जा. त्यावर कोणी गेलेलं नाही. तुझ्या रीतीला चालेल.

देवका

देवळी, १६ डिसेंबर २०२४

चि. देवकास,
आशीर्वाद.

सवयीनं मायन्यात सौ. लिहिलं, मग तो कागद फाडला.

बोटं तू सोडवलीस हे खरं, पण शब्द मी मागितला होता. हे पाप एकटीनं उचलू नकोस. मला फार वाईट वाटतं, आणि रडायला तुझ्यासमोर येण्याची लाज वाटते, म्हणून पलंग आणायलाही आदेशला पाठवलं.

पलंग माझ्या खोलीत लावला आहे. सतरंजी गुंडाळून ठेवली. दांड्याच्या एका जागी पितळ काळवंडलं आहे, त्यांचा हात असायचा तिथं. ती जागा मी घासली नाही. काल आंजीहून एक जण जुनी लोखंडी खाट विकायला आला होता. त्यावर कोणी गेलं का, हे मी विचारलं नाही.

आदेशला सांगितलं, माझी वेळ आली असं वाटलं तरी मला खाली घेऊ नकोस. तो म्हणाला, असं अभद्र काऊन बोलून राह्यले बाबा. तरी त्याच्याकडून शब्द घेतला.

माझ्यावर माया उरली असेल तर दोन ओळी लिही.
दादा