कॉन्टेसाच्या तोडलेल्या तारा

जळगाव
२७ एप्रिल २०२५

ती. वाल्मीककाका यांना,
सप्रेम जयभीम. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय आज माझा घसाही बसला आहे, कारण सकाळीच स्वप्नील गॅरेजवाल्याच्या दुकानात जाऊन त्याला फैलावर घेऊन आले.

झालं असं. तुमच्या दीपमालाच्या लग्नाला अकरा मेला धुळ्याला यायचं, तर आईनं साफ सांगितलं की आबांच्या जुन्या कॉन्टेसा गाडीत ती पाय ठेवणार नाही. त्या भट्टीत सत्तावीस उन्हाळे काढले तेवढे पुरे, म्हणते. भाड्याची गाडी करू म्हटलं, तर घरात गाडी असताना भाडं कशाला? एसटी नको, गुडघे दुखतात. आबांना जाऊन वर्ष होत आलं, पण पेट्रोल वाचवायला त्यांनी एसी कधी लावला नाही हा तिचा राग अजून ताजा आहे. त्यांच्या फोटोला हार घालतानाही ती पुटपुटते. मला ते ऐकवत नाही, काका.

म्हणून मी एसी चालू करायचं ठरवलं. कॉम्प्रेसर दुरुस्त केला, गॅस भरला, पट्टा नवा टाकला. बटण दाबलं तर ढिम्म. शेवटी टॉर्च हातात घेऊन डॅशबोर्डखाली आडवी झाले, तर चार तारा एका रांगेत तोडलेल्या! टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. दिवाळीत स्पीडोमीटर बदलायला स्वप्नीलनंच डॅशबोर्ड उघडला होता, मग दुसरं कोण? चार गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणतो, मॅडम, आतलं तांबं हिरवं पडलंय, एकदा बघा तर खरं. मी म्हटलं, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, मला तांबं शिकवू नकोस. कॉलनीच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकलंय आणि सोमवारी ग्राहक मंचात तक्रार देणार आहे. असल्या लोकांना सोडायचं नाही.

तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर तारा जोडल्यात. कोणती तार कशाला, ते चित्र काढून पाठवा. जोडणी मी करीन. काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो या गाडीपेक्षा जास्त टिकावा.

तुमची,
प्रज्ञा

---

धुळे
१ मे २०२५

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

तक्रार दिली असशील तर आधी ती मागे घे. ग्रुपवरचं नाव काढ, आणि त्या पोराच्या दुकानात जाऊन त्याच चार गिऱ्हाइकांसमोर माफी माग. डोळ्यांसमोर हिरवं तांबं धरलं तरी तुला कळलं नाही, आणि म्हणे केमिस्ट्री शिकवते. सहा महिन्यांपूर्वी तोडलेली तार इतकी हिरवी पडते होय? आणि ती चिकटपट्टी माझी आहे. मीच गुंडाळली, १९९७ साली.

तुझ्या बापाला, लोटनदादाला, मी शब्द दिला होता की हे पोरांना आणि वहिनीला कधी सांगणार नाही. पण निरपराध माणसाच्या पोटावर पाय येतोय, तेव्हा तो शब्द आज मोडतो.

गाडी आम्ही शिरपूरकडच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठकडून घेतली. रविवारी बघायला गेलो तेव्हा एसी असा चालला की लोटनदादा शर्टाचं वरचं बटण लावून बसला. शेठनं चहा दिला, मग गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि कोणत्या वस्तीतले तेही विचारलं. आठ दिवसांनी सगळे पैसे मोजून गाडी ताब्यात घेतली, तर एसी बंद. मी खाली वाकून बघितलं, तर तारा पक्कडीनं कापलेल्या. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, शेठनं सांगितलं म्हणून कापल्या. शेठ ओट्यावरून हसत म्हणाला, "मास्तर, तुम्हाला उन्हाची सवय आहे. एसी सोसायचा नाही."

माझा हात पान्याकडे गेला होता. दादानं मनगट धरलं. अर्ध्या तासात जोडतो म्हटलं, तर म्हणाला, एसीसकट पैसे मोजलेत, ज्यानं तोडल्या त्यानंच जोडून दिल्या पाहिजेत. तीन रजिस्टर पत्रं धाडली, एकाचंही उत्तर नाही. पुढे शेठ मेला, तरी हा हटून बसला. घरात पेट्रोलचं कारण सांगितलं. मला म्हणाला, "पोरेसले सांगू नको." आपल्याशी कोणी असं वागलं हे तुम्हा पोरांच्या डोक्यात बसू नये, एवढंच त्याला हवं होतं. मला आजही संताप येतो, शेठचा आणि दादाचाही.

आता चित्र सोबत आहे. आधी बॅटरीचं टोक सोड. हिरवं तांबं कापून टाक, आत लख्ख लागेपर्यंत. जाड तार फ्यूजकडून येते, दुसरी पंख्याला, तिसरी थंडावा मोजणाऱ्या स्विचला, चौथी कॉम्प्रेसरला. मध्ये नवा रिले टाक, नाहीतर जुनं बटण जळेल. वहिनीला हे पत्र वाचून दाखव. मला तोंड दाखवायला होणार नाही. माया असू दे, रागावलीस तरी.

तुझा,
वाल्मीककाका

---

जळगाव
५ मे २०२५

वाल्मीक भाऊजींना,
जयभीम.

प्रज्ञानं तुमचं पत्र वाचून दाखवलं. मग मी स्वतः चष्मा लावून दोनदा वाचलं. सातवी झालेय, तुमचं अक्षर लागतं मला.

त्या शेठचं मला नवल नाही. असले आम्ही शाळेच्या पाणवठ्यापासून बघितलेत. तुमचं नवल वाटतं. सत्तावीस वर्षं दर दिवाळीला माझ्या हातचं खाल्लंत, मी त्यांना कंजूष म्हणाले की मान डोलावलीत. माझ्यापासून कसली अब्रू वाचवत होतात तुम्ही दोघं? मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी शेठच्या ओट्यावर जाऊन बसले असते, आणि तारा जोडल्याशिवाय उठले नसते.

प्रज्ञाला मी त्या तारांना हात लावू देणार नाही. बुधवारी या, तुमची पक्कड घेऊन, आणि माझ्यासमोर जोडा. दीपमालाच्या लग्नाला मी त्याच गाडीतून येईन.

आणखी एक. गेल्या मे महिन्यात त्यांना दवाखान्यात नेलं. प्रज्ञा गाडी चालवत होती, तुम्ही तिच्या शेजारी, मागे माझ्या मांडीवर त्यांचं डोकं. घामानं न्हाले होते. मी त्यांना म्हणाले, "आता मरताना तरी पेट्रोल वाचवू नका." ते हसले. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणतात, पण तेव्हा तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत, आणि परत पुढे बघितलंत. त्यानंतर ते चार तास होते, भाऊजी. तेवढ्यात तरी मला सांगायचं होतंत.

काल प्रज्ञा त्या स्वप्नीलची माफी मागून आली. तिला मागता तरी आली, मी आता फोटोपुढे मागू?

बुधवारी जेवायलाच या. नात्यात आहात, उपाशी पाठवणार नाही.

तुमची वहिनी,
केसरबाई