भाग्येश धडधाकट आहे

खांडबारा,
२८ जानेवारी २०२४

चि. सौ. जसोदास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू ओरडतेस आणि मला ऐकू येतं निम्मंच, म्हणून आपलं पत्रच बरं. काल विसरवाडीचे नवनीतभाई आले होते, टायरच्या दुकानाचे, स्थळ सांगून आलेल्या मयूरीचे वडील. तुझ्या भाग्येशची चौकशी करायला. आपल्या घरात मुलाबद्दल मामाला विचारतात आणि मामाचा शब्द आला की साखरपुड्याचा दिवस धरतात, हे तुला सांगायला नको. त्यांनी वहीत लिहून विचारलं. मी खाली लिहिलं, 'भाग्येश धडधाकट आहे.' नवनीतभाई खूश झाले. वसंतपंचमी धरली आहे.

शाळेत हा शब्द शिकवताना मी सांगायचो, नुसता जाडजूड माणूस धडधाकट नव्हे. ज्याचे हातपाय धड आहेत, अंगात बळ आहे आणि जो उन्हात कामाला मागे सरत नाही, तो धडधाकट. दारात हात पसरणाऱ्याला आपण म्हणतोच ना, चांगला धडधाकट आहेस, काम कर. त्यामुळे लिहिताना हात अडखळला नाही. ते गेल्यावर मात्र आठवलं, दिवाळीत भाग्येश ट्रॅक्टरवर बसेना आणि मी कारण विचारलं तेव्हा तू माझ्यापुढे चकल्या सरकवल्यास. त्या चावण्यात माझा प्रश्न राहून गेला. काही आहे का? लगेच कळव, जिवाला घोर लागला आहे.

तुझा,
रतिलालदादा


लोणखेडा,
३१ जानेवारी

ती. रतिलालदादांस,
जसोदाचे शि. सा. न. वि. वि.

चकल्यांना खुशाल नावं ठेवा, पण हे पत्र वाचून फाडून टाका. भाग्येशला मिरगी आहे. चार वर्षांपूर्वी केळीच्या बागेत पहिला झटका आला. सुरतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी, ट्रॅक्टर चालवू नको म्हणून सांगितलं. गोळ्या मी मेथीच्या डब्यात ठेवते. ह्यांच्याखेरीज कुणालाही माहीत नाही.

पण दादा, तीन वर्षांत एकही झटका नाही. दोन गड्यांचं काम एकटा करतो, केळीचे घड खांद्यावर वाहतो. तुम्हीच सांगितलेल्या अर्थाने तो धडधाकट नाही का? लग्न होऊ द्या, मग मी स्वतः सुनेला सांगेन. तुमचा शब्द फिरवू नका. मी तुमच्या पाया पडते.

आपली,
जसोदा


खांडबारा,
३ फेब्रुवारी

चि. सौ. जसोदास,
आशीर्वाद.

मला तुझा राग आला आहे आणि तो लपवत नाही. अर्थ तुझ्या बाजूचा आहे, हे कबूल. मिरगीचा माणूसही धडधाकट असतो, भाग्येश आहेच. पण नवनीतभाई माझ्याकडे अर्थ विचारायला आले नव्हते. मुलगी द्यायची म्हणून विचारत होते, आणि त्यांना जे कळायला हवं होतं ते मला ठाऊक नसताना मी छातीठोक लिहून दिलं. उद्या त्या पोरीसमोर झटका आला तर ती काय समजेल? भूतबाधा?

अकरा तारखेच्या रविवारपर्यंत तुम्ही जाऊन सांगा. नाहीतर मी विसरवाडीला जाईन. सोयरीक मोडली तर मोडली. मलाही आनंद नाही, एकुलता भाचा आहे माझा.

रतिलाल


लोणखेडा,
६ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र भाग्येशच्या हाती पडलं. मामाला माझ्यासाठी खोटं का पाडलंस, एवढंच त्याने मला विचारलं. सकाळच्या गाडीने विसरवाडीला गेला, पिशवीत फाईल आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन. आता चार वाजले, फोन उचलत नाही. आज गोळी घेतली की नाही तेही ठाऊक नाही. गाडीत काही झालं तर कोण ओळखणार? स्वस्थ बसवत नाही म्हणून हे लिहिते आहे.

जसोदा


खांडबारा,
७ फेब्रुवारी

चि. सौ. जसोदास,
अनेक आशीर्वाद.

भाग्येशचा फोन तुला आला असेल, पण पोचलो यापलीकडे तो बोलला नसेल. काल दिवस मावळता तो विसरवाडीहून माझ्याकडे आला. गोळी वेळेवर घेतली होती. झालेलं सगळं त्याने वहीत लिहून दाखवलं, तेच कळवतो.

नवनीतभाई भडकले. यापुढे मास्तरांना कुणी काही विचारू नका, असं चारचौघांत म्हणाले. मला ते लागलं, पण चूक माझीच होती. मग म्हणाले, वसंतपंचमी विसरा. तेव्हा मयूरी पुढे आली. झटका आला तर काय करायचं, असं तिने विचारलं. भाग्येशने सांगितलं, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघत जवळ थांबायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना.

त्या पोरीने त्याला तिथेच, टायरांच्या मधल्या जागेत, जमिनीवर आडवं व्हायला लावलं. पहिल्यांदा तिला तो वळवेना, तुझ्या मुलाचं वजन तुला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा गुडघा टेकून तिने त्याला कुशीवर घेतलं, डोक्याखाली आपली ओढणी घडी करून सारली आणि वडिलांकडे वर बघून म्हणाली, "बापू, आते मी एकली बी संभाळी लिसू."

वसंतपंचमीला दोघांना आशीर्वाद द्यायला येतो. तोवर माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
रतिलालदादा