राखेची खूण

प्रिय प्लासिड,

आमच्या लेकीने, क्षितिजाने, वाढदिवसाला एक जाडजूड पुस्तक पाठवलं. खरा इतिहास, पण कादंबरीसारखा सांगितलेला. शंभरेक वर्षांपूर्वी एका परदेशी बंदरात भलंमोठं प्रदर्शन भरलं होतं आणि त्याच गर्दीत एक माणूस एकट्यादुकट्या प्रवाशांचे खून करत होता. एक प्रकरण प्रदर्शनाचं, एक खुनांचं. मी लबाडी केली, आधी प्रदर्शनाचीच सगळी वाचून काढली. फुलपाड्याच्या घरी गॅलरीत बसून दिव्यांच्या कमानी, काचेचे मंडप, कारंजी पोटभर पाहिली. बायको, अश्लेषा, म्हणाली, भाजी बाजूला सारून नुसतं श्रीखंड खाताय. लेकीला दर रविवारी फोनवर तीही खबर पोचते.

वाचताना सारखं आपलं नव्वद सालचं कृषी प्रदर्शन आठवत होतं. मांडवात मोगरा आणि उन्हात सुकवलेल्या सुकेळ्यांचा मिळून एक वास भरला होता. तू माइकवर घोषणा करत होतास आणि मधेच तुमच्या घरून मटिल्डाकाकूंनी पाठवलेला नाश्ता मला एकट्याला पोचवत होतास. माझ्याकडे नोंदणीचं टेबल होतं. परीक्षकांना मालक कळू नये म्हणून केळ्यांच्या प्रत्येक लोंगराला, अख्ख्या घडाला, फक्त नंबराचा बिल्ला सुतळीने बांधायचा, नाव वहीत. सातिवलीच्या कारखान्यातली माझी कारकुनी तेव्हा नुकतीच कायम झाली होती, ती आमच्या प्रदर्शन कमिटीच्या अध्यक्षांच्या शब्दाने. त्यामुळे मी फार ऐटीत होतो.

श्रीखंड संपल्यावर भाजी खावीच लागली. खुनांच्या एका प्रकरणात मारल्या गेलेल्या एका बाईची पेटी सापडते आणि स्टेशनवरच्या हमालाला पकडतात. हमाल त्या वेळी दुसरीकडे सामान उतरवत होता, हे सामानाची नोंद करणाऱ्या कारकुनाला माहीत असतं. पण दुसऱ्या दिवशी उद्घाटन, पाहुणे आलेले, साहेब घाईत. कारकून गप्प बसतो. हमाल तुरुंगात जातो. लेखकाने खुन्याचं बालपणसुद्धा शोधून काढलंय, पण या कारकुनाला पुस्तकभर नाव नाही. ते पान मी चार वेळा वाचलं आणि मग जेवायला उठलोच नाही.

तुझ्या डॅडींचं, रिचर्डकाकांचं, काय झालं ते तुझ्यासमोरच झालं. राजेळी केळ्यांचा पहिला नंबर जाहीर झाला, वही उघडली, नाव निघालं कामणच्या धर्माचं. काका गर्दीतून पुढे आले, लोंगराच्या दांड्यावर बोट ठेवून म्हणाले, "यो माजा हाय. माज्या हातची राख हाय याला." लोक हसले. दुसऱ्याचं बक्षीस लाटायला निघालेला माणूस, असं कोणीतरी मोठ्याने बोललं, आणि स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. तू माइक खाली ठेवून मागे धावलास. फाटकाशी तू त्यांना काय म्हणालास ते मी ऐकलं: डॅडी, चूक होते माणसाची, चला घरी. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं तसं मी कोणाला पाहताना पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी बागेतली राजेळी काढून टाकली.

गेल्या आठवड्यात लविनावहिनी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, डॅडींना आता नव्वदाव्या वर्षी नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण आल्यागेल्याला विचारतात, राख दिसली का तुला? आणि प्लासिड दर वेळी म्हणतो, पुरे डॅडी.

प्लासिड, त्या सकाळी दोन टेम्पो एकदम आले. मी बिल्ले आधीच लिहून ठेवले होते आणि घाईत, वही न पाहता, आठवणीवर बांधले. काकांचा बिल्ला धर्माच्या लोंगराला गेला, धर्माचा काकांच्या. कापलेल्या दांड्याचा चीक थांबवायला राख चोळायची काकांची सवय मला माहीत होती, तुमच्याकडे मी लहानपणापासून जेवलोय. त्यांनी बोट ठेवलं तेव्हा मला राख स्पष्ट दिसली. अध्यक्ष शेजारीच उभे होते. मी वही मिटली. धर्मा बिचारा आपलंच बक्षीस समजून गेला, तो आता नाही. तुझे डॅडी खोटं बोलले नव्हते आणि त्यांची चूकही झाली नव्हती. चौतीस वर्षं तू ज्या गोष्टीची लाज बाळगलीस ती माझी होती. मला फार लाज वाटते आहे. रविवारी चर्चमधल्या मिसानंतर मी वसईला येतो आहे, काकांना हे माझ्या तोंडाने सांगायला. तू दार उघडलं नाहीस तर ओट्यावरून सांगेन, त्यांना थोडं मोठ्याने बोललेलं लागतंच. पण रविवारला अजून चार दिवस आहेत, आणि नव्वदीच्या माणसाचे चार दिवस मी गृहीत धरू शकत नाही, म्हणून हे पत्र आजच माणसाहाती पाठवतो आहे. आज त्यांनी विचारलं, राख दिसली का, तर पुरे म्हणू नकोस. हो म्हण. विलासने पाहिली होती, असं सांग.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
विलास