जुन्या मशीनवरची चाचणी

प्रिय धाकट्या,

मेल सोडून हे कागदावर कशाला, असं तुला वाटलं असेल. शेवटी सांगते. आधी गुमान वाच, कारण मी दमलेय आणि दमलेली ताई कशी बोलते ते तुला ठाऊक आहे.

आप्पा अजून अंथरुणातच आहेत. उजवा हात उचलत नाही, जीभ जड झालीय. बोलतात त्यातलं निम्मं कळतं, निम्मं मी अंदाजाने ठोकून देते. पुन्हा झटका आला तर निभावणं कठीण, असं डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं. हे तुला फोनवर कळवलं तेव्हा तू म्हणालास, मला बघून त्यांचा पाराच चढेल, नकोच. तुम्हा दोघांचे निरोप पोचवण्यात माझा जन्म गेला.

आता कामाचं. जुन्या कॉम्प्युटरांसाठी तुम्ही फुकट वाटता त्या हलक्याफुलक्या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती मी चालवून पाहिली. हसू नकोस. घर सोडताना तू टाकून गेलास त्याच लॅपटॉपवर, ज्याचं तुटकं बिजागर आप्पांनी एका जुन्या रेडिओचे स्क्रू लावून बसवलंय. दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत नंबर पुकारून घरी आले, आप्पांचं अंग पुसलं, त्यांना भरवलं, आणि म्हटलं आता जरा पाठ टेकावी, तर आप्पांचा डावा हात नव्या आवृत्तीच्या पेनड्राइव्हकडे. बरं बाबा, म्हटलं, होऊन जाऊ दे.

सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच चालवायची, लॅपटॉपच्या डिस्कला हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. पहिल्यांदा नुसताच काळा पडदा. मी मनातल्या मनात तुझा उद्धार केला. आप्पांनी बोटाने खूण केली, पुन्हा. दुसऱ्यांदा उघडली, आणि खरं सांगू, अगदी झटकन उघडली. वायफाय लागलं, अक्षरं स्वच्छ, गाणं लावलं तर तेही वाजलं. मी म्हटलं, झालं आप्पा, सगळं ठीक आहे, झोपा. तर त्यांनी असे डोळे वटारले की जणू मी त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातला रेडिओ न तपासताच गिऱ्हाइकाच्या हातात दिला. मला झाकण मिटायला लावलं. थांबायला लावलं. उघडायला लावलं. पडदा जागा झाला, गाणं पुढे सरकताना दिसत होतं, पण आवाज नाही. आजारी पडल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. चूक सापडली की चेहऱ्यावर टवटवी येते ती आपल्याच घराण्यात. तूही तसलाच.

याच माणसाने तुला फुकट राबणारा गाढव म्हटलं होतं, तू नोकरी सोडून या सिस्टीमच्या मागे लागलास तेव्हा. तू बॅग भरलीस. मी दारात उभी होते आणि तुमच्यापैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचा राग अजून आहे मला, दोघांचाही.

परवा तुमच्या चर्चेच्या पानावर तू विचारलंस की 'जुनं खोड' या नावाने लिहिणारे ते काका कुठे गायब आहेत, जुन्या मशीनवर त्यांनी तपासल्याशिवाय आवृत्ती बाहेर काढायची नाही. किती वर्षं त्यांच्याशी काका काका करत भांडतोयस. तब्येतीला जपा म्हणतोस. एकदा तर लिहिलंस, माझे वडीलही तुमच्यासारखेच खडूस आहेत, फक्त ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यावर काकांनी तुला टचपॅडची तक्रार पाठवली. ती लिहिताना ते सारखा चष्मा पुसत होते. मी समोरच बसले होते.

हो रे बाबा, तेच ते. मला शपथ घातली होती, म्हणून गप्प होते. काल त्यांनीच मला तिच्यातून मोकळं केलं. चाचणीत काय निघालं ते पानावर टाकू का, विचारलं तर नाही अशी मान हलवली आणि कपाटातल्या कागदांकडे बोट केलं, म्हणून हे कागदावर. तर लिहून घे: झाकण मिटून उघडलं की आवाज परत येत नाही. हा दोष लांबून दुरुस्त होणारा नाही, ज्याने सिस्टीम केली त्याने इथे येऊन, याच मशीनसमोर बसून बघावं, असं त्यांचं म्हणणं आहे. नक्की असंच लिहू का, म्हणून मी पुन्हा विचारलं, कारण निम्मं मी अंदाजाने ठोकते हे त्यांनाही माहीत आहे. तर त्यांनी डाव्या हाताने माझं पेन ओढून घेतलं. कागदाच्या तळाची ती वाकडीतिकडी अक्षरं त्यांची आहेत. 'जुनं खोड' नाही लिहिलेलं. नीट बघितलंस तर 'आप्पा' असं वाचता येईल.

दमलेली, तरी तुझीच,
ताई